उकळणारे पाणी आणि उसळणारे पाणी

जगात आज जिवंत गायझर किती, असे विचारले तर अभ्यासक साधारण एक हजार हा आकडा सांगतात. गरम पाण्याचे झरे आणि कुंडे याच्या कितीतरी पट आहेत. जागृत किंवा कधीही जागे होऊ शकणारे ज्वालामुखीसुद्धा दीड हजाराच्या आसपास भरतात. पण जमिनीच्या भोकातून उकळत्या पाण्याचे आणि वाफेचे कारंजे उसळावे, थांबावे आणि काही वेळाने पुन्हा उसळावे, अशा जागा फार थोड्या. त्या हजारातले निम्मे एकट्या अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात आहेत. उरलेल्यांतले बहुतेक रशियाचा कामचत्का द्वीपकल्प, न्यूझीलंडचे उत्तर बेट, चिलीतले एल तातियो आणि आइसलँड या चार ठिकाणी दाटीवाटीने बसले आहेत. बाकी जगाच्या वाट्याला इथे दोन, तिथे चार.

भारताच्या वाट्याला मात्र नाव घेण्याजोगा एकही नाही. आपल्याकडे गरम पाण्याची वाण आहे असेही नव्हे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे पहिले प्रमुख थॉमस ओल्डहॅम यांनी देशभरातल्या उष्ण झऱ्यांची यादी जमवली होती. ती त्यांच्या मुलाने १८८०च्या दशकात प्रसिद्ध केली. तीत तीनशेच्या आसपास झरे आहेत. याच संस्थेने १९९१ मध्ये काढलेल्या भूऔष्णिक नकाशासंग्रहात ही संख्या ३४० पर्यंत जाते. कोकणात पालघरपासून राजापूरपर्यंत साडेतीनशे किलोमीटरच्या पट्ट्यात गरम पाण्याची कुंडे ओळीने आहेत. एवढे गरम पाणी असताना ते उसळत का नाही, हा प्रश्न मला बरीच वर्षे पुरला आहे. त्याचे उत्तर शोधायला लागले की जगातले गायझर नेमके कुठे आणि का आहेत, हेही आपोआप उलगडत जाते.

मी राहतो त्या बेंगळुरूच्या राजाजीनगरात बोअरवेलचा रिग गल्लीत उभा राहणे हे नेहमीचे दृश्य. शे-दोनशे फुटांवर पाणी लागण्याचे दिवस केव्हाच सरले. २०२४ च्या उन्हाळ्यात शहराला पाणी पुरेना, तेव्हा हजार-बाराशे फूट खणूनही कोरडी गेलेली बोअर लोकांनी पाहिली. रिगचा कॉम्प्रेसर सुरू झाला की आधी पांढरा दगडी भुगा उडतो आणि समोरच्या घरांच्या खिडक्यांवर बसतो. मग भुगा ओला होतो, करडा चिखल वाहू लागतो, आणि पाणी लागलेच तर केसिंग पाइपातून पहिल्या मजल्याच्या उंचीचा फवारा सुटतो. रस्त्यावरची पोरे त्यात भिजून घेतात, घरमालकाचा जीव भांड्यात पडतो. फवारा दिसायला थेट गायझरसारखा, पण त्यामागचा जोर कॉम्प्रेसरच्या हवेचा. त्या पाण्याखाली हात धरला तर ते फार तर कोमट लागते, हजार फुटांवरून आलेले असले तरी.

आता याच खोलीची दुसरी विहीर घेऊ. १९६७ मध्ये अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने यलोस्टोनमधल्या नॉरिस या गायझर-क्षेत्रात एक संशोधन-विहीर खणली. खोली ३३२ मीटर, म्हणजे सुमारे १,०९० फूट. राजाजीनगरातल्या एखाद्या बोअरएवढीच. तिच्या तळाशी तापमान २३७ अंश सेल्सियस निघाले.

दक्षिण भारताचा खडक किती थंड आहे हे समजायला कोलारच्या सोन्याच्या खाणींइतके चांगले उदाहरण नाही. २००१ मध्ये बंद पडलेल्या या खाणी बेंगळुरूपासून शंभरेक किलोमीटरवर आहेत. त्यांतली चॅम्पियन रीफ खाण ३ किलोमीटरहून खोल गेली होती आणि एके काळी जगातल्या सर्वांत खोल खाणींत तिची गणना होई. तळाशी खडकाचे तापमान ६५ अंशांच्या घरात होते. कामगारांना ते असह्य होई, म्हणून यंत्रांनी थंड केलेली हवा खाली सोडावी लागे. पण हिशेब मांडला तर किलोमीटरमागे बारा-तेरा अंशांची वाढ, एवढीच. नॉरिसला जे तापमान एक तृतीयांश किलोमीटरवर मिळते, ते मिळवायला कोलारला सतरा-अठरा किलोमीटर खाली जावे लागले असते. बेंगळुरूच्या लालबागेत केंपेगौडांचा बुरूज ज्या उघड्या खडकावर उभा आहे, तो द्वीपकल्पीय नाइस सुमारे तीनशे कोटी वर्षांचा. त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा आहे. इतक्या जुन्या, जाड आणि निवालेल्या भूकवचाखाली गायझरची आशा धरण्यात अर्थ नाही.

पण नुसती उष्णताही पुरत नाही. उष्णता हीच अट असती तर प्रत्येक ज्वालामुखीच्या पायथ्याशी गायझर दिसले असते.

पाणी समुद्रसपाटीवर १०० अंशांना उकळते, बेंगळुरूच्या नऊशे मीटर उंचीवर ९७ च्या आसपास. दाब वाढला की हा बिंदू वर चढतो. प्रेशर कुकरात डाळ लवकर शिजते ती यामुळेच. जमिनीतल्या नळीत कुकरच्या झाकणाचे काम वरच्या पाण्याचे वजन करते. दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो आणि तिथे पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही. शंभर मीटरवर ते १८० अंश ओलांडूनही द्रवच राहते. नॉरिसच्या विहिरीतले २३७ अंश हे ३३२ मीटरवरच्या दाबाखाली उत्कलनबिंदूला टेकलेले तापमान आहे. अशा काठावर बसलेल्या पाण्याच्या स्तंभातून वरचे थोडे पाणी काही बुडबुड्यांनी बाहेर सांडले, की खालचा दाब तेवढा उतरतो. आतापर्यंत गप्प असलेले खोल पाणी क्षणात उकळीच्या पलीकडे जाते. त्यातल्या थोड्याच भागाची वाफ होते, पण वाफेला पाण्याच्या दीड हजार पटींहून जास्त जागा लागते, म्हणून ती वरचे सगळे पाणी ढकलून बाहेर फेकते. नळी रिकामी झाली की आजूबाजूच्या भेगांतून थंड पाणी पुन्हा भरू लागते, तापू लागते, आणि पुढच्या उसळीची तयारी सुरू होते.

हे कोडे मोजमापाने सोडवले ते रॉबर्ट बुन्सेन यांनी. शाळेच्या प्रयोगशाळेतला बुन्सेन बर्नर ज्यांच्या नावाचा, तेच हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ. हेक्ला ज्वालामुखीच्या उद्रेकानंतर, १८४६ मध्ये, ते आइसलँडला गेले आणि फ्रेंच खनिजतज्ज्ञ देक्ल्वाझो यांच्याबरोबर त्यांनी ‘गेसिर’ या मोठ्या गायझरच्या नळीत वेगवेगळ्या खोलींवर तापमापक सोडले. उसळी येण्याच्या थोडे आधी तळाजवळ १२० अंशांहून जास्त तापमान मिळाले, आणि तरी पाणी शांत होते. खोलीनुसार दाब आणि तापमान यांचा मेळ घातल्यावर त्यांच्या हाती जी कल्पना आली, तिच्यात पुढे भर पडली, पण गाभा आजही तोच आहे. मोठी भर अलीकडची. रशियन संशोधक अलेक्झांडर आणि मरीना बेलोउसोव यांनी कामचत्कातल्या गायझरांच्या भोकांत उष्णतारोधक कॅमेरे उतरवले आणि २०१३ मध्ये ती निरीक्षणे प्रसिद्ध केली. नळ्या सरळ उभ्या नसतात, त्यांना बाजूला वळणदार पोकळ्या असतात, त्या पोकळ्यांच्या छताशी वाफ साठते आणि जागा पुरेनाशी झाली की ती एकदम नळीत शिरते, असे त्या चित्रणांत दिसले.

आता तिसरी अट, आणि माझ्या मते हीच गायझरांचा नकाशा ठरवते. नळी दाब सहन करणारी हवी. ठिसूळ, भुसभुशीत खडकात वाफ चारी बाजूंनी निसटते आणि तिथे नुसते कुंड नाहीतर धुमसणारे भोक तयार होते. रायोलाइट या सिलिकाबहुल ज्वालामुखी खडकातून दोनशे अंशांच्या वरचे पाणी जाते तेव्हा ते बरीच सिलिका विरघळवून वर आणते. वर येताना पाणी निवते आणि ती सिलिका भेगांच्या भिंतींवर थरावर थर बसते. वर्षानुवर्षे हे अस्तर चढत राहिले की फुटक्या खडकातून दाबाला टिकणारी नळी घडते. म्हणजे उथळ आणि प्रखर उष्णता, भरपूर पाऊस किंवा बर्फाचे पाणी, आणि सिलिका देणारा खडक, ही तिन्ही एका जागी यावी लागतात. ती एकत्र येणे किती दुर्मीळ आहे, ते वरच्या हजाराच्या आकड्यात दिसते.

यलोस्टोनला हे सगळे मुबलक आहे. ६ लाख ४० हजार वर्षांपूर्वीच्या महाउद्रेकाने तिथे प्रचंड कढई खचली, तिच्या खाली शिलारस अजून तापलेला आहे, वर रायोलाइटचे जाड थर आणि डोक्यावर वर्षातले निम्मे महिने बर्फ. १८७२ मध्ये या प्रदेशाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. त्याआधी दोनच वर्षे एका शोधमोहिमेने तिथल्या एका गायझरला ‘ओल्ड फेथफुल’ हे नाव दिले होते. तो तीस ते पंचावन्न मीटर उंच उसळतो आणि त्याची वेळ सांगता येते. मागची उसळी दोन-अडीच मिनिटांत संपली असेल तर तासाभराने पुढची; ती लांबली असेल तर दीड तास थांबावे लागते, कारण नळी जास्त रिकामी झालेली असते. उद्यानाचे कर्मचारी पुढच्या उसळीची अंदाजे वेळ लिहून ठेवतात आणि लोक बाकांवर येऊन बसतात.

तरी हा ‘विश्वासू’ गायझरही कायमचा नाही. १७ ऑगस्ट १९५९ च्या हेब्गेन लेक भूकंपानंतर यलोस्टोनच्या शेकडो झऱ्यांची चाल बदलली, आणि ओल्ड फेथफुलच्या दोन उसळ्यांमधले अंतरही नंतरच्या दशकांत वाढत गेले. २०२० मध्ये त्याच्याबद्दल आणखी एक महत्त्वाचा शोध प्रसिद्ध झाला. गायझरच्या सिलिकेच्या उंचवट्यावर सिलिकेने माखलेले लाकडाचे जुने तुकडे सापडले. ते तेराव्या-चौदाव्या शतकातले निघाले. उकळत्या पाण्याचा मारा होणाऱ्या जागी झाड वाढत नाही. म्हणजे त्या काळात काही दशके गायझर बंद होता, आणि तो काळ त्या प्रदेशातल्या मोठ्या अवर्षणाचा होता. पाऊस आटला तर उष्णता जागच्या जागी असूनही गायझर मरतो, याचा इतका स्पष्ट पुरावा मला दुसरा माहीत नाही.

नॉरिसमधल्या ‘स्टीमबोट’चा स्वभाव अगदी उलटा. तो आज जगातला सर्वांत उंच उसळणारा गायझर, नव्वद मीटरच्या वर जाणारा. पण १९११ ते १९६१ अशी पन्नास वर्षे तो गप्प होता. मार्च २०१८ मध्ये तो पुन्हा जागा झाला आणि २०१९ या एका वर्षात ४८ वेळा उसळला. का, याचे समाधानकारक उत्तर मिळालेले नाही. यलोस्टोनच्या गरम पाण्याने जगाला आणखी एक मोठी देणगी दिली. १९६०च्या दशकात थॉमस ब्रॉक आणि त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांनी तिथल्या एका झऱ्यातून ‘थर्मस अॅक्वाटिकस’ हा उष्णताप्रेमी जिवाणू वेगळा केला. त्याच्या विकराशिवाय पीसीआर तंत्र आजच्या रूपात उभे राहिले नसते, आणि कोविडच्या काळात नाकातल्या असंख्य नमुन्यांची तपासणी याच तंत्राने झाली.

कामचत्काची गायझर-दरी जगाला उशिरा कळली. एप्रिल १९४१ मध्ये तात्याना उस्तिनोवा ही तरुण भूवैज्ञानिक आणि तिचा स्थानिक वाटाड्या अनिसिफोर क्रुपेनिन बर्फातून नदीचा काठ शोधत होते. थकून बसले असताना समोरच्या उतारावरून अचानक वाफेचा फवारा त्यांच्या दिशेने सुटला. त्या गायझरला त्यांनी रशियनमध्ये ‘पेर्वेनेत्स’, म्हणजे पहिलावहिला, असे नाव दिले. नव्वदेक गायझरांची ही दरी यलोस्टोनच्या खालोखाल मोठी. ३ जून २००७ रोजी तिच्यावर प्रचंड दरड कोसळली, नदी तुंबून तळे झाले, काही गायझर पाण्याखाली गेले आणि पेर्वेनेत्स ढिगाऱ्यात गाडला गेला. पुढच्या काही वर्षांत तळे ओसरले तसे काही गायझर पुन्हा सुरू झाले. इथे जे झाले ते निसर्गानेच केले आणि निसर्गानेच थोडेफार सावरले.

न्यूझीलंडची गोष्ट तशी नाही. उत्तर बेटावरच्या ताउपो ज्वालामुखी पट्ट्यात एके काळी दोनशेच्या वर गायझर होते. १९०० ते १९०४ या चारच वर्षांत वैमांगू इथला गायझर ४६० मीटरपर्यंत काळे पाणी, चिखल आणि दगड उडवत असे. इतक्या उंच उसळणारा गायझर इतिहासात दुसरा नोंदलेला नाही. ऑगस्ट १९०३ मध्ये त्याने चार माणसांचा बळी घेतला. पण हा पट्टा दुबळा केला तो माणसांनी. १९५८ मध्ये वैराकेईचे भूऔष्णिक वीजकेंद्र सुरू झाले, जमिनीखालचे गरम पाणी उपसले जाऊ लागले आणि थोड्याच वर्षांत शेजारच्या दरीतले गायझर बंद पडले. १९६१ मध्ये ओहाकुरी धरणाच्या जलाशयाने ओराकेई कोराको इथले सत्तरेक गायझर बुडवले. रोटोरुआ शहरात तर घर गरम ठेवायला आणि अंघोळीला शेकडो खासगी बोअर झाले. शहराच्या कडेच्या व्हाकारेवारेवा या माओरी वस्तीतले गायझर त्यामुळे एकामागून एक थंडावले. पापाकुरा नावाचा गायझर १९७९ मध्ये थांबला.

सरकारने शेवटी १९८६ मध्ये पोहुतू या मुख्य गायझरभोवती दीड किलोमीटरच्या आतले बोअर बंद करण्याचा आदेश काढला. लोक चिडले, खटके उडाले. पण भूगर्भातला दाब हळूहळू वर आला, पोहुतूची उसळी सुधारली, आणि २०१५ मध्ये पापाकुरा छत्तीस वर्षांनी पुन्हा उसळला. अमेरिकेच्या नेवाडा राज्यात बेओवावे आणि स्टीमबोट स्प्रिंग्ज या दोन्ही क्षेत्रांतले गायझर वीज आणि विहिरींच्या कामांत गेले. तिथे परत काही आले नाही. जगातल्या गायझरांची संख्या गेल्या शतकात घटली ती प्रामुख्याने यामुळे. यलोस्टोन आणि कामचत्का टिकले, कारण तिथे उपशासाठी खणायला बंदी होती.

आइसलँडचे हौकादालूर खोरे आकाराने लहान, पण प्रसिद्धी सर्वांत जुनी. इथल्या गेसिरचेच नाव जगभरच्या भाषांत पसरले. १२९४ च्या भूकंपानंतर तिथले झरे चर्चेत आले. विसाव्या शतकात गेसिर थंडावला, लोकांनी त्यात साबण टाकून तो उसळवला. साबणाने पाण्याचा पृष्ठताण घटून बुडबुडे सहज तयार होतात. न्यूझीलंडमध्ये लेडी नॉक्स नावाच्या गायझरला आजही रोज सकाळी प्रेक्षकांसमोर साबण घालून उसळवतात. मला हा प्रकार पटत नाही. जून २००० च्या भूकंपाने गेसिर काही काळ पुन्हा जोमात आला, मग परत मंदावला. आता पर्यटक पाहतात तो शेजारचा स्ट्रोक्कुर, दर पाच-दहा मिनिटांनी वीसेक मीटर उसळणारा. चिलीचे एल तातियो अँडीजमध्ये ४,३०० मीटर उंचीवर आहे. तिथे पाणी ८६ अंशांनाच उकळते, गायझर ऐंशीच्या आसपास, पण बहुतेकांची उसळी मीटरभरही नाही. पहाटे गोठवणाऱ्या थंडीत वाफेचे खांब उभे राहतात ते पाहायला लोक जातात. २००९ मध्ये तिथे भूऔष्णिक चाचणीची एक विहीर फुटली, साठेक मीटर उंच वाफ कित्येक दिवस सुटत राहिली आणि प्रकल्प थांबवावा लागला.

बाकीचे थोडक्यात. अलास्काच्या उम्नाक बेटावर काही गायझर आहेत. केनियातल्या बोगोरिया सरोवराकाठचे बरेच झरे सरोवराची पातळी वाढल्याने पाण्याखाली गेले. तिबेटच्या पठारावर पाच हजार मीटरच्या उंचीवर एक क्षेत्र आहे. भारताला सर्वांत जवळचे खरे गायझर तिथलेच. नेवाडातला रंगीत ‘फ्लाय गायझर’ चित्रांत फार दिसतो, पण तो १९६४ मध्ये खणलेल्या विहिरीतून तयार झालेला, मानवनिर्मित. जर्मनीत आंडरनाख इथे कार्बन डायऑक्साइडच्या जोरावर थंड पाणी पन्नास मीटरपर्यंत उडते, तेही खणलेल्या भोकातूनच. शनीच्या एन्सेलाडस या चंद्राच्या दक्षिण ध्रुवावरून पाण्याची वाफ आणि बर्फकण अवकाशात फेकले जातात, हे कॅसिनी यानाने २००५ मध्ये दाखवले. पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

आता कोकणात येऊ. पालघर जिल्ह्यातले कोकनेर आणि सातिवली, तानसा नदीच्या पात्रात आणि काठावर अकलोली, वज्रेश्वरी, गणेशपुरी, सुधागडात पालीजवळचे उन्हेरे, महाडजवळचे साव, दापोली तालुक्यातले उन्हवरे, संगमेश्वर तालुक्यात आरवली, तुरळ, राजवाडी, आणि शेवटी राजापूरचे उन्हाळे. सह्याद्रीच्या पायथ्याशी, किनाऱ्याला जवळपास समांतर अशी ही माळ आहे. घाटावर जळगाव जिल्ह्यात चोपड्याकडे सातपुड्याच्या पायथ्याला उनपदेव-सुनपदेव, नांदेडात किनवट तालुक्यात उनकेश्वर. नावांवरूनच पाण्याची जात कळते.

यांत सर्वांत तापट दापोलीकडचे उन्हवरे. कुंडाच्या तोंडाशी तापमान सत्तर अंशांच्या आसपास असते, पाण्यातून सारखे बुडबुडे येतात, गंधकाचा वास गावाच्या वेशीपासून जाणवतो. मूळ कुंडात पाय टाकायची सोय नाही. तिथले पाणी पुढे काढून, थोडे निववून, स्त्री-पुरुषांसाठी बांधलेल्या वेगवेगळ्या कुंडांत सोडलेले आहे. संधिवाताचे, त्वचेच्या दुखण्याचे रुग्ण तिथे तासन्‌तास बसतात. सत्तर अंश म्हणजे हात भाजणारे पाणी, पण उकळीपासून अजून तीस अंश दूर. कोकणचे कोणतेच कुंड ही सीमा ओलांडत नाही.

कारण दख्खनचा कातळ ज्या ज्वालामुखीतून आला तो सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच शांत झाला. त्याचा शिलारस आता खाली तापलेला नाही. गणेशपुरीचे पाणी ज्वालामुखीने तापवलेले आहे, असे अजूनही सर्रास सांगितले जाते, पण त्याला आधार नाही. पावसाचे पाणी मोठ्या भेगांतून एक-दोन किलोमीटर किंवा अधिक खोल मुरते, तिथल्या साध्या, सर्वत्र असणाऱ्या भू-उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेने लवकर वर येते. किनारपट्टीलगत उत्तर-दक्षिण गेलेल्या भेगांमुळेच कुंडे ओळीत आहेत. इतक्या तापमानाचे पाणी सिलिकाही फारशी विरघळवत नाही, म्हणजे नळीला अस्तरही मिळत नाही. गंमत अशी की सिलिकाबहुल ज्वालामुखी खडक आपल्याकडे आहेत: मुंबईच्या मढ-मनोरी-गोराईच्या किनाऱ्यावर ते उघडे पडलेले दिसतात. खडक आहे, कोकणात पाऊसही भरपूर. हुकली ती फक्त उष्णता, आणि ती काही कोटी वर्षांनी हुकली.

महाराष्ट्रात गायझरच्या चालीचे काही असेल तर ते राजापूरची गंगा. गरम पाण्याच्या कुंडापासून थोड्याच अंतरावर, टेकाडावर, चौदा कुंडांचा दगडी घाट आहे. एरवी ती कुंडे कोरडी असतात. साधारण तीन वर्षांनी, पुष्कळदा ऐन उन्हाळ्यात, गावच्या विहिरींनी तळ गाठलेला असताना, वडाच्या मुळाशी असलेल्या मूळ गंगेत पाणी येते. मग काशीकुंडात गोमुखातून धार सुरू होते आणि ‘गंगा आली’ ही बातमी रत्नागिरीपासून कोल्हापूरपर्यंत जाते. दोन-तीन महिने राहून ती जाते. अलीकडे तिच्या येण्या-जाण्याचे वेळापत्रक बरेच बिघडले आहे. श्रद्धेने स्नानाला येणाऱ्यांचा आणि अभ्यासकांचा कुतूहलविषय एकच आहे. भूगर्भात पोकळी असावी, ती झिरपणाऱ्या पाण्याने हळूहळू भरत असावी, पाणी वक्रनलिकेच्या वळणावर चढले की सगळी पोकळी रिकामी होईपर्यंत वाहत राहावे, असे स्पष्टीकरण सहसा दिले जाते. यात वाफ नाही, स्फोट नाही. पण भरणे, उंबरठा ओलांडणे, रिकामे होणे, पुन्हा भरणे हा क्रम गायझरचाच. यलोस्टोन ज्या राज्यात मुख्यतः येते, त्या वायोमिंगमध्येच आफ्टन गावाजवळ असा एक थंड झरा आहे. तो उन्हाळ्याच्या अखेरीपासून दर पंधरा-वीस मिनिटांनी वाहतो आणि थांबतो. राजापूरला तोच खेळ वर्षांच्या मापाने चालतो.

देशात गायझरच्या सर्वांत जवळ जाते ते लडाखचे पुगा खोरे. ४,४०० मीटर उंचीवरच्या या खोऱ्यात झऱ्यांचे पाणी ८४ अंशांपर्यंत असते, आणि तिथे उकळीच मुळी ८५ च्या आसपास येते. जमिनीवर गंधक आणि टाकणखाराचे थर आहेत. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९७०च्या दशकात तिथे विंधणविहिरी घेतल्या तेव्हा काही शे मीटरच्या आतच १४० अंशांपर्यंत तापमान मिळाले. भारतीय आणि युरेशियन भूपट्ट्यांची टक्कर जिथे चालू आहे त्या शिवणीजवळचा हा भाग. तिबेटमधल्या गायझरांचा हा शेजार. फेब्रुवारी २०२१ मध्ये ओएनजीसी, लडाख प्रशासन आणि तिथली स्वायत्त परिषद यांच्यात १ मेगावॉट भूऔष्णिक प्रकल्पाचा करार झाला, आणि २०२५ मध्ये केंद्राने भूऔष्णिक ऊर्जेचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. उणे तापमानात डिझेल जाळून राहणाऱ्या लडाखी वस्त्यांना ही उष्णता मिळायलाच हवी, असे मला मनापासून वाटते. त्याच खोऱ्याच्या दलदलीत काळ्या मानेचे क्रौंच घरटी करतात, आणि झऱ्यांशी जोडलेली ती ओल विहिरींच्या उपशाने किती हलेल, हे आधी मोजून ठेवले नाही तर नंतर सांगता येणार नाही.

 रोटोरुआत दीड किलोमीटरचे वर्तुळ आखता आले, कारण पोहुतूच्या उसळ्यांची आणि बोअरमधल्या पातळीची नोंद हाताशी होती.  पुग्याला पहिली मोठी विहीर वाहती होण्याआधी प्रत्येक झऱ्याचे तापमान, प्रवाह आणि क्षार किमान दोन-तीन ऋतू मोजले जावेत. तानसाकाठी अकलोली-गणेशपुरीला, जिथे कुंडांच्या आसपास बांधकामे वाढत आहेत, तिथेही हेच हवे: कुंडाच्या तोंडाशी कायमचा तापमापक, महिन्याकाठी प्रवाहाची नोंद, आणि कुंडापासून किती अंतरावर बोअर घ्यायचा नाही याचा ग्रामपंचायतीने केलेला ठराव.